बरं वाटतंय, मग गोळी कशाला?

पोळ्याच्या आदल्या दिवशी दवाखान्यात फारशी गर्दी नसते. कोरीटची माणसे त्या दिवशी बैल धुण्यात, शिंगे रंगवण्यात गुंतलेली असतात. अशा दुपारी एक सासू आणि तिची सून माझ्याकडे आल्या. सून चोविशीची. हातात गोळ्यांचे पाकीट आणि प्लास्टिकच्या पिशवीत मुंबईचे कागद. बोलणे सासूनेच सुरू केले.

"डॉक्टरसाहेब, हिला आता काही होत नाही. शेतात जाते, भाकरी खाते, झोपते. ताप नाही, काही नाही. मग ह्या गोळ्या अजून किती दिवस? गोळ्या चालू आहेत तोवर मूल नको, असं मुंबईचे डॉक्टर म्हणतात. लग्नाला दोन वर्षं झाली. बरं वाटतंय तर बंदच करून टाकू का?"

सून खाली मान घालून बसली होती. आठ महिन्यांपूर्वी तिला रक्ताचा कर्करोग असल्याचे निदान झाले होते. या आजाराचे डॉक्टरी नाव क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया. गोळीचे नाव इमॅटिनिब. कर्करोग म्हटले की केस गेलेला, अंथरुणाला खिळलेला माणूस आपल्या डोळ्यांपुढे येतो. इथे तर धडधाकट पोर समोर बसलेली. सासूचा प्रश्न चुकीचा नव्हता. मात्र त्या प्रश्नाच्या उत्तरावर त्या मुलीचे आयुष्य अवलंबून होते. तिला जे समजावून सांगितले तेच आज वाचकांपुढे मांडतो आहे, कारण हा प्रश्न एका घरापुरता नाही. (रुग्णांची ओळख पटू नये म्हणून या लेखात काही तपशील बदलले आहेत.)

दोन रुग्ण, दोन काळ

या आजाराचा माझा पहिला रुग्ण १९९१ सालचा. तेव्हा आपला नंदुरबार जिल्हा झालेला नव्हता, आपण धुळे जिल्ह्यात होतो. रुग्ण एक तरुण शिक्षक. डाव्या बरगडीखाली पोट जड वाटते, जेवण जात नाही, घाम येतो, अशी तक्रार होती. तपासले तर पानथरी बेंबीपर्यंत वाढलेली. रक्तातल्या पांढऱ्या पेशी निरोगी माणसात एका घन मिलिमीटरला साधारण चार ते अकरा हजार असतात. त्यांच्या दोन लाखांवर गेल्या होत्या.

त्या काळी आमच्या हातात काय होते? हायड्रॉक्सियुरिया नावाची कॅप्सूल. तिने पांढऱ्या पेशी कमी होत, पानथरी आक्रसे, माणसाला बरे वाटे. पण आजाराचे मूळ जागच्या जागी राही. चार-पाच वर्षांत आजार उसळी मारी आणि मग कोणतेच औषध चालत नसे. दुसऱ्याची अस्थिमज्जा बसवण्याचा एक मार्ग होता. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी १९८३ साली भारतातले पहिले यशस्वी अस्थिमज्जा प्रत्यारोपण केलेले होते. पण जुळणारा भाऊ-बहीण हवा, खर्च हवा आणि त्यातला धोकाही पत्करायला हवा. शिक्षकांच्या बाबतीत यातले काहीच जुळून आले नाही. १९९५ साली ते गेले.

दुसरा रुग्ण २००७ सालचा. कोरीटचाच शेतकरी, वय ३४. त्याच्या बाबतीत माझ्याकडून चूक झाली, ती इथे सांगितलीच पाहिजे. पावसाळ्याचे दिवस, अंगात कणकण आणि पानथरी हाताला लागणारी. आपल्या भागात असा रुग्ण दिसला की मनात पहिल्यांदा मलेरिया येतो. मी रक्ताची तपासणी न करता मलेरियाच्या गोळ्या दिल्या. पंधरा दिवसांनी पुन्हा त्याच दिल्या. महिनाभराने तो पोट धरून आला तेव्हा मला १९९१ सालचे शिक्षक आठवले. त्याच दिवशी रक्त नंदुरबारला पाठवले. पांढऱ्या पेशी एक लाख ऐंशी हजार.

सुरतमार्गे मुंबई गाठायची, दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत उतरायचे आणि सकाळी परळला टाटा रुग्णालयाच्या रांगेत उभे राहायचे, ही वाट आपल्या भागातल्या अनेक कुटुंबांच्या पायाखालची आहे. तो शेतकरीही त्याच वाटेने गेला. तिथून परत आला तो गोळ्यांचे पाकीट घेऊन. तो आजही शेती करतो. त्याच्या मुलीच्या लग्नाला मी अक्षता टाकून आलो.

शिक्षक चार वर्षांत गेले आणि शेतकरी जगला. मधल्या काळात असे काय घडले?

स्टार्टर अडकला आणि मोटार थांबेना

आपले शरीर पेशींचे बनलेले आहे हे सर्वांना ठाऊक आहे. प्रत्येक पेशीच्या गाभ्यात डीएनएचे धागे असतात. त्यावर त्या पेशीने काय करावे याचा मजकूर लिहिलेला असतो. हे धागे गुंडाळून ४६ गुणसूत्रे होतात. पेशीने केव्हा वाढायचे आणि केव्हा थांबायचे याचे निरोप पोहोचवण्याचे काम काही प्रथिने करतात. एक प्रथिन दुसऱ्याला निरोप देते, दुसरे तिसऱ्याला. गरज असेल तेव्हा निरोप जातो, गरज संपली की बंद होतो.

विहिरीवरच्या मोटारीचे उदाहरण घ्या. स्टार्टरचे हिरवे बटण दाबले की मोटार चालू, लाल दाबले की बंद. आता समजा, हिरवे बटण आत अडकून बसले. वाफे भरून वाहू लागले, पीक पाण्याखाली गेले तरी मोटार चालूच. या रक्ताच्या कर्करोगात नेमके हेच होते.

१९६० साली अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात पीटर नॉवेल आणि डेव्हिड हंगरफोर्ड या दोघा शास्त्रज्ञांना या रुग्णांच्या रक्तपेशींत एक आखूड गुणसूत्र दिसले. १९७३ साली शिकागोच्या डॉ. जॅनेट राउली यांनी त्याचा उलगडा केला. नवव्या आणि बाविसाव्या गुणसूत्राचे तुकडे तुटतात आणि जोडले जाताना त्यांची अदलाबदल होते. जोडाच्या जागी दोन वेगळ्या जनुकांची तोंडे एकमेकांना चिकटतात आणि त्यातून एक भलतेच प्रथिन तयार होते. त्याला बीसीआर-एबीएल म्हणतात. हे प्रथिन म्हणजेच अडकलेला स्टार्टर. "वाढा, वाढा" असा निरोप ते रात्रंदिवस पाठवत राहते आणि पांढऱ्या पेशींचे उदंड पीक येते.

डीएनएचा हा बिघाड जन्मानंतर एखाद्या रक्तपेशीत होतो. त्यामुळे तो आईबापांकडून आलेला नसतो आणि मुलांकडेही जात नाही. एकाचा दुसऱ्याला लागत तर नाहीच. २००७ सालच्या त्या शेतकऱ्याच्या घरात त्याचे ताट-वाटी वेगळे ठेवले होते. मी स्वतः घरी जाऊन त्याच्या ताटात जेवलो, तेव्हा कुठे ते बंद झाले.

गोळी करते काय?

कर्करोगाची जुनी औषधे वाढणाऱ्या सर्वच पेशींवर घाव घालतात. म्हणून केस जातात, तोंड येते, उलट्या होतात. तण मारायला सगळ्या शेतावर औषध मारावे आणि त्यात पीकही होरपळावे, तसा हा प्रकार. शास्त्रज्ञांनी वेगळा विचार केला. बिघडलेला स्टार्टर कुठला ते कळले आहे, मग तेवढाच बंद पाडता येणार नाही का?

निरोप पाठवण्यासाठी त्या प्रथिनाला इंधन लागते. ते इंधन बसण्यासाठी त्याच्या अंगावर एक खोबण असते. त्या खोबणीत नेमके जाऊन बसेल असा रेणू निकोलस लिडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वित्झर्लंडमधल्या औषध कंपनीत तयार केला. अमेरिकेतील डॉ. ब्रायन ड्रकर यांनी १९९८ साली तो रुग्णांना देऊन पाहिला. हाच इमॅटिनिब. खोबण अडली की इंधन मिळत नाही आणि मोटार बंद पडते. पुरेशी मात्रा मिळालेल्या पहिल्या ५४ रुग्णांपैकी ५३ जणांचे रक्त पूर्ववत झाले. मे २००१ मध्ये अमेरिकेत या औषधाला मान्यता मिळाली. पुढे रुग्णांची दहा वर्षे नोंद ठेवली, तेव्हा शंभरातले सुमारे ८३ जण हयात होते. ज्या आजारात चार-पाच वर्षे हीच मर्यादा होती, तिथला हा आकडा आहे.

मात्र एक गोष्ट इथेच ध्यानात घ्या. गोळी स्टार्टरच्या खोबणीत बसते, स्टार्टर काढून टाकत नाही. बिघडलेल्या काही पेशी अस्थिमज्जेत दबा धरून राहतात. गोळी थांबली की खोबण मोकळी होते आणि मोटार पुन्हा सुरू होते. "बरं वाटतंय, मग गोळी कशाला?" या प्रश्नाचे उत्तर असे आहे की बरे वाटते आहे ते गोळीमुळेच.

एक लाख वीस हजारांची गोळी

औषध निघाले, पण ते आपल्या माणसाच्या आवाक्यात कसे आले हीसुद्धा जाणून घेण्यासारखी हकिकत आहे. मूळ कंपनीच्या ग्लिव्हेक या गोळीचा भारतातला खर्च महिन्याला सुमारे एक लाख वीस हजार रुपये होता. भारतीय कंपन्यांची तीच गोळी आठ ते दहा हजारांत मिळे. मूळ कंपनीने बऱ्याच रुग्णांना मोफत औषध दिले हेही खरे. पण पेटंट मिळाले असते तर स्वस्त गोळीचा रस्ता बंद झाला असता.

त्याविरुद्ध उभी राहिलेल्यांत मुंबईची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन ही रुग्णांना मदत करणारी संस्था होती. जानेवारी २००६ मध्ये चेन्नईच्या पेटंट कार्यालयाने कंपनीचा अर्ज फेटाळला. कंपनी वरच्या दारी गेली. अखेर १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयात न्या. आफताब आलम आणि न्या. रंजना देसाई यांनी निकाल दिला. जुन्याच औषधाचे थोडे वेगळे रूप एवढ्यावर पेटंट मिळणार नाही, त्याने रुग्णाला अधिक गुण येतो हे दाखवावे लागेल, असा त्याचा सारांश. २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेने या औषधाचा अत्यावश्यक औषधांच्या यादीत समावेश केला.

कोरीटच्या शेतकऱ्याला २००७ साली आठ-दहा हजारही डोंगराएवढे होते. त्याने बैलजोडी विकली. पुढे एका धर्मादाय निधीतून मदत मिळू लागली. पण २०१० साली कापूस गेला, घरात लग्न निघाले आणि अंगात तर काहीच दुखत नव्हते. त्याने कुणालाही न विचारता गोळी सोडली. पाच महिन्यांनी सकाळी सकाळी दारात उभा. "डाक्टरसाहेब, पोट परत जड लागस." पांढऱ्या पेशी नव्वद हजारांवर गेल्या होत्या. त्याचे नशीब चांगले म्हणून गोळी पुन्हा सुरू केल्यावर आजार वळला. सर्वांचा वळतोच असे नाही. गोळी अधूनमधून घेतली तर त्या खोबणीचा आकारच बदलू शकतो. मग गोळी तिथे बसत नाही आणि डासाटिनिब, निलोटिनिब अशी पुढची औषधे शोधावी लागतात.

दुरुस्ती करणारी प्रथिने

निरोप्या प्रथिनांवर औषध निघाले, तसेच डीएनएची दुरुस्ती करणाऱ्या प्रथिनांवरही निघाले आहे. त्याची युक्ती तर आणखी मजेशीर आहे.

आपल्या प्रत्येक पेशीत डीएनएला दिवसाकाठी हजारो बारीक इजा होतात. उन्हाने, तंबाखूने, धुराने आणि पेशीच्या स्वतःच्या कामकाजानेही. तरी आपण ठणठणीत राहतो, कारण पेशीत दुरुस्तीची फौज चोवीस तास कामावर असते. ती कशी चालते हे शोधून काढल्याबद्दल टोमास लिंडाल, पॉल मॉड्रिच आणि अझीझ सँकार यांना २०१५ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

या फौजेत पार्प नावाचे प्रथिन आहे. डीएनएच्या दुपदरी धाग्याचा एक पदर तुटला तर ते धावते. दोन्ही पदर तुटले तर बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२ ही प्रथिने लागतात. काही घराण्यांत बीआरसीए जनुकातला दोष वारशाने येतो. अशा स्त्रियांना स्तनाचा आणि बीजकोशाचा कर्करोग होण्याचा धोका बराच वाढतो. आई, मावशी, बहीण अशा एकाच घरातल्या दोघी-तिघींना कमी वयात हा आजार झाला, तर डॉक्टर याच जनुकाची तपासणी सुचवतात.

बैलगाडीला दोन बैल असतात. एक बसला तरी दुसऱ्याच्या बळावर गाडी कशीबशी घरी पोहोचते. अशा रुग्णाच्या कर्करोगाच्या पेशींत बीआरसीएचा बैल आधीच बसलेला असतो. त्या पेशी उरलेल्या दुरुस्तीवर तग धरून असतात. औषधाने पार्पचा बैलही बसवला की गाडी जागीच थांबते, म्हणजे ती पेशी मरते. शेजारच्या निरोगी पेशींत बीआरसीए शाबूत असल्याने त्या बऱ्याच अंशी निभावून नेतात. ही कल्पना इंग्लंडमधल्या दोन संशोधक गटांनी २००५ साली मांडली. तिच्यावर आधारलेल्या ओलापॅरिब या गोळीला डिसेंबर २०१४ मध्ये अमेरिकेत आणि युरोपात बीजकोशाच्या कर्करोगासाठी मान्यता मिळाली.

मात्र ही गोळी सर्व कर्करोगांवर चालत नाही. कुठला बैल बसलेला आहे हे तपासल्याशिवाय तिचा उपयोग नाही. वर्तमानपत्रात कर्करोगावर रामबाण गोळी अशी बातमी वाचली की पहिला प्रश्न विचारावा, कुठल्या कर्करोगावर आणि कुठल्या तपासणीनंतर?

आपल्या जिल्ह्यापुरते

पानथरी वाढलेली दिसली की आपल्याकडे मलेरियाचे नाव घेतले जाते. आपल्या आदिवासी बांधवांत सिकलसेलचे प्रमाण मोठे आहे, त्यातही लहान मुलांची पानथरी वाढते. आणि तिसरा, क्वचित आढळणारा पण विसरता न येण्याजोगा हा रक्ताचा कर्करोग. तिन्हींचा उपचार वेगळा आहे, आणि वेगळेपण कळायला सुरुवात होते ती रक्तपेशींची मोजणी आणि काचेवरचा नमुना या दोन साध्या तपासण्यांनी. मी २००७ साली ती सुरुवात महिनाभर उशिरा केली. त्यानंतर पानथरी हाताला लागलेल्या एकाही रुग्णाला मी रक्त न तपासता घरी पाठवलेले नाही.

१९९१ साली आम्ही शिक्षकांना जी हायड्रॉक्सियुरियाची कॅप्सूल देत होतो, तीच आज सिकलसेलच्या मुलांना दिली जाते. तीही पेशींच्या कामात ढवळाढवळ करूनच गुण देते. रक्तात बाळपणीचे हिमोग्लोबिन पुन्हा वाढते आणि कळा कमी येतात. तिच्याही बाबतीत बरे वाटले म्हणून परस्पर बंद करण्याचा प्रकार मी पाहतो. तोही तितकाच घातक आहे.

सासूबाईंना दिलेले उत्तर

असो. पोळ्याच्या आदल्या दिवशीच्या त्या दोघींकडे वळू. मी सासूबाईंना म्हणालो, "माय, गोळी आज बंद केलीत तर पाळणा हलायच्या आधी पोरच हातची जाईल. आणि गोळी चालू असताना दिवस गेले तर पहिल्या महिन्यांत बाळाच्या अवयवांत दोष राहू शकतो. दोन्हीकडे घाई नडते."

मग सुनेकडे वळून सांगितले, "बेटा, मूल होणारच नाही असं कुणी म्हटलेलं नाही. काही वर्षं एकही दिवस न चुकवता गोळी घे. दर तीन महिन्यांनी ती जनुकाची तपासणी कर. आजार पार तळापर्यंत दबला आणि तसाच दबून राहिला, की मुंबईचे डॉक्टर स्वतः ठरवतील. गोळी काही काळ थांबवतील, रक्त दर महिन्याला बघतील, लागलंच तर बाळाला न बाधणारं दुसरं इंजेक्शन देतील. अशा बायकांना धडधाकट मुलं झालेली आहेत."

फ्रान्समधल्या डॉक्टरांनी एक अभ्यास २०१० साली प्रसिद्ध केला होता. दोन वर्षांहून अधिक काळ ज्यांच्या तपासणीत आजाराचा मागमूस नव्हता, अशा शंभर रुग्णांची गोळी त्यांनी देखरेखीखाली थांबवली. त्यांतही निम्म्याहून अधिक जणांचा आजार परतला, बहुतेकांचा पहिल्या सहा महिन्यांतच. वेळीच लक्षात आल्याने पुन्हा गोळी देऊन तो आवरता आला. म्हणजे गोळी थांबवता येते, पण ती वेळ तपासणी ठरवते. आपल्याला कसे वाटते यावरून ती ठरत नाही.

सासू बराच वेळ गप्प होती. मग तिने सुनेच्या हातातले पाकीट घेतले, उलटे-सुलटे करून पाहिले आणि विचारले, "ही जेवणानंतर घ्यायची का जेवणाआधी?" मला माझे उत्तर मिळाले.

लक्षात ठेवा

१. इमॅटिनिबची गोळी जेवणाबरोबर आणि मोठा पेलाभर पाण्याने घ्यावी. रोजची वेळ एकच ठेवावी.

२. डोळ्यांभोवती सूज, पायात गोळे, मळमळ हे त्रास होऊ शकतात. त्यासाठी गोळी सोडू नये, डॉक्टरांना सांगावे. बहुतेक त्रासांवर उपाय आहेत.

३. दुसऱ्या कुठल्याही आजारासाठी डॉक्टरकडे गेल्यास या गोळीचे नाव सांगावे. क्षयरोगाच्या रिफॅम्पिसिन या औषधाने इमॅटिनिबचा जोर खूपच कमी होतो.

४. गोळी चालू असताना दिवस राहू नयेत यासाठी साधन वापरावे. पाळी चुकली तर त्याच आठवड्यात डॉक्टरांना कळवावे.

५. पैशाअभावी गोळी खंडित होत असेल तर लपवू नये. मोठ्या रुग्णालयात समाजसेवा विभाग असतो, सरकारी योजनेच्या रुग्णालयात आरोग्यमित्र असतो. त्यांना आधी विचारावे, बैल नंतर विकावेत.

६. डाव्या बरगडीखाली जडपणा, थोडे खाल्ले तरी पोट भरणे, रात्री घाम, वजन घटणे ही लक्षणे दोन-तीन आठवडे राहिली तर रक्तपेशींची मोजणी करून घ्यावी. डॉक्टरांनी सुचवली नाही तर आपण होऊन विचारावे. मलाही २००७ साली कुणीतरी विचारायला हवे होते.